व्हिडिओ कॉलमध्ये चित्र पुन्हापुन्हा फुटतं, अडकतं: खोट शोधायची कशी

स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस येतात, राउटर नवा आहे, ॲप दोनदा काढून पुन्हा टाकलं, तरी रोजच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "तुमचं चित्र फुटतंय." मग लोक प्लॅन वाढवतात. त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण ७२०पी कॉलला दर दिशेला दीड एमबीपीएसच्या आसपासच लागतात. झूमची शिफारस दोघांच्या ७२०पी कॉलसाठी १.२ एमबीपीएस एवढीच आहे. १०८०पीसाठी पाठवताना ३.८ आणि घेताना ३.० एमबीपीएस. खोट बहुधा वेगात नसते. ती पॅकेट (नेटवरून माहिती ज्या छोट्या तुकड्यांत जाते ते) हरवण्यात, उशिरात, खोलीतल्या उजेडात किंवा प्रोसेसरात असते. चित्र नेमकं कसं बिघडतंय हे नीट पाहिलं, तर यातलं काय हे बरंचसं तिथेच कळतं.

आधी खोट कोणाच्या टोकाला आहे ते ठरवा

कॉलमधल्या किमान दोघांना विचारा. तुमचं चित्र सगळ्यांनाच खराब दिसत असेल, तर तुमचं अपलोड, कॅमेरा किंवा मशीन बघायचं. एकालाच खराब दिसत असेल, तर त्याचं डाउनलोड. तुम्हाला सगळेच खराब दिसत असतील तर तुमचं डाउनलोड. एकच माणूस खराब दिसत असेल तर तो त्याचा प्रश्न, तुम्ही राउटर बंद-चालू करत बसू नका.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कोपऱ्यातल्या आपल्या छोट्या चित्रावर विश्वास ठेवणं. ते थेट कॅमेऱ्यातून येतं. ते नेटवर जाऊन आलेलं नसतं. ते स्वच्छ दिसतं म्हणून समोरच्यालाही स्वच्छ दिसत असेल, असं नाही. उलट मात्र खरं आहे: तिथेच दाणेदार किंवा अंधारलेलं दिसत असेल, तर नेट तपासण्यात वेळ घालवू नका. बिघाड कॅमेऱ्यापाशी किंवा उजेडात आहे.

आवाजाकडेही लक्ष ठेवा. बहुतेक ॲपमध्ये आवाज ओपस कोडेकने (कोडेक म्हणजे आवाज किंवा चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) जातो आणि त्याला साधारण २४ ते ४० केबीपीएस पुरतात. आवाज ठीक पण चित्र खराब, तर बँडविड्थ अपुरी पडतेय किंवा मशीन दमलंय. आवाजही तुटत असेल, तर पॅकेट हरवतायत किंवा उशिरा पोचतायत.

चित्र असं नाजूक का असतं

७२०पीचं, सेकंदाला ३० फ्रेमचं चित्र कॉम्प्रेस न करता पाठवायचं तर सुमारे ३३२ एमबीपीएस लागतील. ते दीड एमबीपीएसमध्ये बसवायचं म्हणजे दोनशेवीस पटींनी लहान करायचं. एवढी बचत एकाच फ्रेममधून होत नाही. ती होते मागच्या फ्रेमच्या आधारावर: भिंत तीच आहे, शर्ट तोच आहे, फक्त ओठ आणि हात हलले, तेवढाच फरक पाठवा. अशा फरकाच्या फ्रेमला पी-फ्रेम म्हणतात. अख्खं चित्र स्वतंत्रपणे पाठवणारी ती कीफ्रेम. चित्रपटाच्या फाइलमध्ये दर काही सेकंदांनी कीफ्रेम असते, शिवाय पुढच्या फ्रेमवरही टेकणाऱ्या बी-फ्रेम असतात. कॉलमध्ये बी-फ्रेम जवळपास कोणी वापरत नाही, कारण पुढच्या फ्रेमची वाट पाहायची म्हणजे उशीर. आणि कीफ्रेम मागितल्याशिवाय सहसा पाठवली जात नाही, कारण ती महाग असते.

किती महाग, ते बघू. १ एमबीपीएस आणि ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ४ केबी येतात. कीफ्रेम ४० केबीची निघाली, तर तिला त्याच वाटेवरून जायला सुमारे ०.३२ सेकंद लागतात. ती साधारण १२०० बाइटच्या ३४ पॅकेटमध्ये विभागून जाते. वाटेत फक्त २ टक्के पॅकेट हरवत असतील, तरी या ३४ पैकी किमान एक हरवण्याची शक्यता जवळजवळ ५० टक्के भरते. म्हणजे बिघडलेलं चित्र दुरुस्त करायला जी कीफ्रेम मागवली, तीच निम्म्या वेळा तुटकी पोचते. स्पीड टेस्टमध्ये हे २ टक्के दिसतही नाहीत.

चित्राच्या बिघाडाचे प्रकार

सगळं चित्र पुसट आणि चौकोनी होतं, पण माणूस स्थिर बसला की दोन सेकंदांत निवळतं: बिट कमी पडतायत. एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारा भाग) बारकावे टाकून देतोय, त्याला दुसरा मार्ग नाही. एच.२६४ या चित्राच्या कोडेकमध्ये हे १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चौकोनांच्या हिशेबाने चालतं, म्हणून कडा चौकोनी दिसतात.

चित्र स्वच्छ असतं, अचानक गोठतं, मग उडी मारून पुढे जातं: पॅकेट हरवलंय. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवायची सोय असते. जाऊन-येऊन वेळ ३०-४० मिलिसेकंद असेल तर काम होतं. पुण्याहून थेट अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंतचा दोनशेहून जास्त मिलिसेकंदांचा पल्ला असेल, तर तोवर फ्रेम दाखवायची वेळ टळून गेलेली असते. मग डीकोडर (आलेलं चित्र उलगडणारा भाग) थेट कीफ्रेम मागतो आणि ती येईपर्यंत शेवटचं चित्र लटकवून ठेवतो.

हिरवे-राखाडी पट्टे, चेहऱ्यामागे ओघळल्यासारखी शेपटी: एक तर डीकोडर तुटक्या फ्रेमवरच पुढचे फरक चढवत चाललाय, नाही तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर खराब आहे. ओळखायला सोपं आहे. ब्राउझरच्या 'सिस्टम' सेटिंगमधलं ग्राफिक्स ॲक्सलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. पट्टे गेले तर ड्रायव्हर, राहिले तर नेट.

चित्र तीक्ष्ण पण झटके देत चालतं, लॅपटॉपचा पंखा गरगरतोय: प्रोसेसर.

काही गोष्टी दोष वाटतात, पण नसतात. नवा माणूस कॉलमध्ये आला की त्याला अख्खं चित्र हवं असतं, म्हणून सगळ्यांकडून कीफ्रेम मागवली जाते आणि क्षणभर चित्र मंदावतं. तसंच एखाद्याला मोठं करून पाहिलं की पहिला सेकंद तो धूसर दिसतो. ॲप एकाच वेळी तीन आकारांत चित्र पाठवत असतं, उदाहरणार्थ ३२० गुणिले १८०, ६४० गुणिले ३६० आणि १२८० गुणिले ७२०. छोट्या चौकटीला सर्व्हर लहानच आकार देतो आणि मोठ्यावर जायला कीफ्रेम लागते.

मीटर उघडून बघा

अंदाजांपेक्षा आकडे बरे. झूममध्ये 'सेटिंग्ज'मधलं 'स्टॅटिस्टिक्स', टीम्समध्ये कॉल चालू असताना 'कॉल हेल्थ'. ब्राउझरमधल्या कॉलसाठी क्रोममध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्स (वेबआरटीसी म्हणजे ब्राउझरमधून कॉल चालवण्याचं तंत्र) नावाचं पान असतं. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'क्रोम', विसर्गासारखे दोन टिंब, दोन तिरप्या रेघा आणि हे नाव टाका. कॉल सुरू होण्याआधीच उघडलेलं बरं, म्हणजे आलेख सुरुवातीपासून मिळतात.

तिथे भरमसाट आकडे दिसतील. तुम्हाला चारच हवेत. पहिला, बाहेर जाणाऱ्या व्हिडिओखालचा 'क्वालिटी लिमिटेशन रीझन'. त्यात 'सीपीयू' लिहिलं असेल तर राउटरला हात लावू नका; 'बँडविड्थ' असेल तर लॅपटॉप बदलू नका. अर्धं निदान या एका ओळीत होतं, तरी ती कोणी बघत नाही. दुसरा, जाऊन-येऊन वेळ. तिसरा, हरवलेली पॅकेटं आणि त्यासोबतचा 'पीएलआय काउंट', म्हणजे समोरून कीफ्रेम किती वेळा मागितली गेली. हा आकडा दर काही सेकंदांनी वाढत असेल तर गोठण्याचं कारण सापडलं. चौथा, सरासरी क्यूपी, म्हणजे एन्कोडर चित्र किती भरड करतोय. एच.२६४ मध्ये हा ० ते ५१ असतो आणि ६ ने वाढला की भरडपणाची पायरी दुप्पट होते. व्हीपी८ या दुसऱ्या कोडेकमध्ये तो ० ते १२७ असतो. वेबआरटीसीमध्ये एच.२६४ साठी सरासरी ३७ च्या किंवा व्हीपी८ साठी ९५ च्या वर राहिली, की आकारच खाली उतरवला जातो. या दोन कोडेकचे क्यूपी एकमेकांशी ताडून बघू नका. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत.

वेग ठरवण्याची पद्धत माहीत असली की बरीच कोडी सुटतात. गूगलने वेबआरटीसीसाठी मांडलेल्या पद्धतीत पॅकेटांचं नुकसान २ टक्क्यांखाली असेल तर वेग वाढवतात, २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान आहे तसा ठेवतात, १० च्या वर गेलं की कमी करतात. शिवाय उशीर वाढताना दिसला तरी लगेच खाली येतात. म्हणजे ३-४ टक्के नुकसान असेल तर बिटरेटचा आलेख सरळ, सुंदर दिसतो आणि चित्र मात्र अडकत राहतं. दुसरं, उतरताना वेग झपाट्याने उतरतो आणि चढताना सेकंदाला फार तर ८ टक्क्यांनी चढतो. १५० केबीपीएसवरून दीड एमबीपीएसला पोचायला या चालीने अर्धा मिनिट लागतं. बरीच ॲप मध्येच चाचपणीची पॅकेटं सोडून लवकर वर येतात, पण सगळी नाही. म्हणून मूळ अडथळा तीन सेकंदांचा असला, तरी चित्र बराच वेळ खराब राहतं आणि कारण शोधायला जावं तेव्हा तिथे काहीच सापडत नाही.

घरातला शेवटचा टप्पा

कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरलाच पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावा आणि कॉलभर चालू ठेवा. विंडोजमध्ये पिंग, मग राउटरचा पत्ता (बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), शेवटी वजाचं चिन्ह आणि टी, सगळं इंग्रजीत. राउटर हाताच्या अंतरावर आहे. उत्तर ५ मिलिसेकंदांच्या आत यायला हवं. मध्येच १००-२०० किंवा 'टाइम्ड आउट' आलं, तर दोष वाय-फायचा. इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही.

उपाय क्रमाने: शक्य असेल तर केबल लावा, बाकी सगळं वाचण्याची गरज उरत नाही. नसेल तर ५ गीगाहर्ट्झवर जा, पण एका भिंतीपलीकडे नको. विटांच्या जाड भिंती आणि स्लॅब त्याला झेपत नाहीत. २.४ गीगाहर्ट्झवर राहावंच लागलं तर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच निवडा. ३ किंवा ८ निवडून मोकळा कोपरा सापडल्यासारखं वाटतं, पण तिथे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट येतो. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात आवाज करतो. रोज दुपारी एकलाच चित्र फुटत असेल तर आधी स्वयंपाकघरात डोकावा.

पिंग राउटरपर्यंत स्वच्छ, पण बाहेरच्या पत्त्याला (८.८.८.८ चालेल) लावल्यावर कधी २० तर कधी ६०० मिलिसेकंद: अपलोडची रांग तुंबतेय. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या बफरमध्ये (पॅकेटं थांबून राहण्याच्या जागेत) १ एमबी मावतं. ते भरलं की मागून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागतं. भरतं कोण? फोनमधल्या फोटोंचा बॅकअप, ऑफिसच्या फोल्डरचं सिंक, घरावर नजर ठेवणारा क्लाउड कॅमेरा. फाइल पाठवणारा जागा मिळेल तेवढी घेत जातो आणि व्हिडिओ कॉल उशीर दिसताच सभ्यपणे मागे सरतो. सभ्य माणसाचंच नुकसान.

तात्पुरता उपाय म्हणजे बॅकअपला रात्रीची वेळ लावणं. कायमचा उपाय राउटरात. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकता येणारी मुक्त प्रणाली) असलेल्या राउटरवर एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) बसवा, रांगेसाठी केक ही पद्धत निवडा आणि मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला. मोजलेलं अपलोड १० असेल तर ८.५ ते ९. पूर्ण १० घातलं तर रांग पुन्हा मोडेममध्येच तुंबते आणि राउटरच्या हातात काही राहत नाही. साध्या राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाचं पान असतं. तिथे कॉलच्या मशीनला प्राधान्य दिलं आणि अपलोडची मर्यादा घालता आली, तर निम्मं काम होतं.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर आणखी एक प्रकार दिसतो: चित्र थांबतं, मग साचलेलं सगळं एकदम पुढे पळतं. तिथे फायरवॉलने यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबता माहिती पाठवण्याची पद्धत) बंद केलेलं असतं, म्हणून कॉल टीसीपी या दुसऱ्या पद्धतीने, पोर्ट ४४३ वरून जातो. टीसीपी हरवलेल्या पॅकेटसाठी मागचं सगळं अडवून धरतं. नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे बाहेर जाणारे यूडीपी पोर्ट उघडायला मागा: गूगल मीट आणि टीम्ससाठी ३४७८ (टीम्सला ३४८१ पर्यंत), झूमसाठी ८८०१ ते ८८१०. व्हीपीएनमधून जाणाऱ्या कॉललाही हेच लागू. शक्य असेल तर कॉलची वाहतूक व्हीपीएनबाहेर ठेवा.

उजेड: सगळ्यात स्वस्त उपाय

कमी उजेडात कॅमेरा दोन गोष्टी करतो. एक्स्पोजर लांबवतो, त्यामुळे ३० च्या जागी १५ फ्रेम येतात. आणि गेन, म्हणजे सिग्नलची पट, वाढवतो, त्यामुळे चित्रात दाणे येतात. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतात. मागच्या फ्रेमवरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून एन्कोडर बिट दाण्यांवर उधळतो आणि चेहऱ्याला उरत नाहीत. तोंडासमोर एक दिवा लावला की त्याच दीड एमबीपीएसमध्ये चित्र बरंच सुधारतं. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. कॅमेरा ६० हर्ट्झवर लावलेला असेल (काही येतातच तसे), तर चित्रावरून आडवे पट्टे सरकतात. पट्टे अगदी फिके असले तरी प्रत्येक फ्रेमची चमक बदलते, म्हणजे भिंतसुद्धा 'हलते'. विंडोजच्या कॅमेरा ॲपमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लिकर कमी करण्याचा पर्याय असतो. तो ५० हर्ट्झवर ठेवा. लिनक्समध्ये 'पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी' १ करा, १ म्हणजे ५०. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांना मात्र हे सांगू नका, तिथे ६०च बरोबर.

पाठीमागचा पंखा, हलता पडदा, चालू टीव्ही हे सगळे बिट खातात. फ्रेममध्ये छताचा पंखा येत असेल तर कॅमेरा थोडा खाली वळवा. पार्श्वभूमी धूसर करण्याने बिट वाचतात, पण प्रोसेसर खर्च होतो.

लॅपटॉप दमतो तेव्हा

कॉल पहिली दहा-पंधरा मिनिटं छान आणि मग झटके, हा गरम झाल्याचा नमुना. चार्जर लावा, बॅटरी सेव्हर बंद करा, आभासी पार्श्वभूमी काढा, गादीवरून लॅपटॉप उचला. तरीही 'सीपीयू' दिसत राहिलं तर पाठवायचा आकार ३६०पी करा. ७२०पीच्या तुलनेत पिक्सेल एक चतुर्थांश होतात. नवा कोडेक नेहमी चांगला असं समजू नका. २०१८ मध्ये आलेला एव्ही१ त्याच बिटमध्ये जास्त चांगलं चित्र देतो, पण हार्डवेअरची मदत नसलेल्या जुन्या मशीनला तो जड जातो. तिथे २००३चा एच.२६४ बरा.

यूएसबी वेबकॅमबद्दल एक. यूएसबी २.० ची मर्यादा ४८० एमबीपीएस आणि १०८०पीचं कॉम्प्रेस न केलेलं चित्र ९९५ एमबीपीएसचं. म्हणून कॅमेरा आतच एमजेपेग करून (प्रत्येक फ्रेम फोटोसारखी वेगळी दाबून) पाठवतो आणि त्याचे चौकोन कॉलच्या एन्कोडरला खरे बारकावे वाटतात. कॉल ७२०पीचाच असेल तर कॅमेऱ्याकडून १०८०पी मागण्यात काही मिळत नाही.

स्क्रीन शेअर करताना अक्षरं पुसट

हे वेगळं दुखणं. चेहऱ्यासाठी योग्य असलेली कॉम्प्रेशनची गणितं अक्षरांसाठी वाईट असतात. रंगाची माहिती आडवी-उभी निम्म्या बारकाईनेच पाठवली जाते. चेहऱ्यावर ते कळत नाही, पण काळ्यावरची लाल किंवा निळी बारीक अक्षरं विरघळतात. शेअर करताना पांढऱ्यावर काळं ठेवा. ४के पडदा अख्खा शेअर करू नका. १०८०पीमध्ये उतरताना १२ पिक्सेलचं अक्षर ६ पिक्सेलचं होतं. फक्त खिडकी शेअर करा, पडदा १०८०पीवर आणा, मजकूर १२५ ते १५० टक्के मोठा करा.

झूममधला 'ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप' हा चौकोन चुकून टिचकवलेला राहतो आणि पुढच्या प्रत्येक एक्सेलची वाट लागते. तो लावला की ॲप हालचाल जपतं आणि बारकावे सोडतं. उलट मजकुराच्या शेअरमध्ये फ्रेम सेकंदाला ५ पर्यंत उतरू शकतात, म्हणून स्क्रोल झटके देत दिसतं. तो बिघाड नव्हे. स्क्रोल करून दोन सेकंद थांबा, मग बोला.

बरोबर तासाभराने सगळं कोसळतं

मोबाइल हॉटस्पॉटवरून कॉल करणाऱ्यांनी हिशेब करावा: दीड एमबीपीएस पाठवणं आणि तेवढंच घेणं म्हणजे तासाला ६७५ एमबी गुणिले दोन, १.३५ जीबी. रोजचा पॅक १.५ जीबीचा असेल तर तासाभराच्या थोडं पुढे, सुमारे ६७ मिनिटांत संपतो आणि बऱ्याच पॅकमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात आवाज कसाबसा जातो, चित्र नाही. अशा कॉलला सुरुवातीपासूनच एचडी बंद ठेवा आणि समोरच्यांच्या चौकटी लहान करून बसा, म्हणजे सर्व्हर मोठे आकार पाठवणारच नाही.